गावच्या शिळेवरील आकडे

सातारा, रत्नागिरी वा कोल्हापूर या बाजूंना आपल्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थ्यांचे आजोळ आहे. सुट्टीत तिकडे गेल्यावर जुन्या चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसविलेली एक लहानशी शिळा काहींच्या पाहण्यात आली असेल. तिच्यावरील मजकूर दोन ओळींचा असतो. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके पुरुष गेले, हे पहिल्या ओळीत. त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, हे दुसऱ्या ओळीत. गावोगावी मजकूर तोच, आकडे तेवढे निराळे. त्या आकड्यांमागील एकाही माणसाचे नाव तेथे आढळत नाही.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे नाव तर 'अपशिंगे मिलिटरी' असेच पडले आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. एका गावातून शेहेचाळीस! आपल्या शाळेतील एका वर्गात साधारण तितकीच मुले बसतात, एवढे लक्षात घेतले तरी त्या संख्येचा अर्थ कळू लागेल.

हे लोक कोठे गेले, काय करून आले, आणि ते गेले असता घरी मागे राहिलेल्यांनी काय केले, या प्रश्नांचा थोडा अभ्यास या लेखात करावयाचा आहे. सोयीसाठी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा प्रदेश, म्हणजे सातारा, कोल्हापूर, बेळगाव आणि खाली कोकण, हा एक मुलूख समजू. मराठा पलटणींची भरती प्रामुख्याने याच मुलखातून व त्यास लागून असलेल्या पुणे, नगर या जिल्ह्यांतून होत असे. सरकारी दप्तरात 'दख्खनी मराठे' आणि 'कोकणी मराठे' असे त्यांचे दोन वर्ग केलेले होते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून दख्खनी मुसलमानही त्या पलटणींत होते. १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या क्रमांकांच्या सहा पलटणी युद्धापूर्वी होत्या. यांतील १०३ वी सर्वांत जुनी. तिची स्थापना १७६८ ची, आणि 'जंगी पलटण' हे तिचे नाव आजही चालत आले आहे.

१९१४ च्या नोव्हेंबरात युद्धाची एक आघाडी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, उघडली. तेथे जी फौज प्रथम उतरली ती सहावी 'पूना डिव्हिजन'. तिच्यात तीन ब्रिगेडी होत्या : सोळावी पूना, सतरावी अहमदनगर आणि अठरावी बेळगाव. तैग्रिस नदीकाठच्या लढायांचे नकाशे पाहताना आपल्या या गावांची नावे वाचावयास मिळतात ती यामुळे. बेळगाव ब्रिगेडमधील सर्व शिपाई बेळगावचे होते असे मात्र कोणी समजू नये. तिच्यात नॉरफोकची एक गोरी पलटण होती, राजपुतांच्या पलटणी होत्या, आणि त्यांच्या जोडीस ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. अहमदनगर ब्रिगेडमध्ये १०३ वी आणि पूना ब्रिगेडमध्ये ११७ वी, अशा मराठ्यांच्या तीन पलटणी या एकाच डिव्हिजनमध्ये एकत्र आल्या होत्या. पुढे जे घडले त्याचा भार एका विशिष्ट मुलखावर इतका का पडला, याचे कारण या रचनेत आहे.

आरंभी विजय मिळत गेले. १९१४ च्या नोव्हेंबरात बसरा हाती आले, डिसेंबरात कुर्ना पडले, आणि १९१५ च्या एप्रिलमध्ये शैबा येथे तुर्कांचा मोठा हल्ला परतविला गेला. सप्टेंबर संपता संपता कूट-अल-अमारा हे गावही मिळाले. तेथे थांबणे शहाणपणाचे झाले असते. परंतु बगदाद आता हाकेच्या अंतरावर आहे असे वरिष्ठांस वाटले, आणि जनरल टाऊनशेंड यांस पुढे जाण्याचा हुकूम झाला. रसदेची साधने अपुरी, नदीत पुरेशा बोटी नाहीत, जखमींना नेण्यास धड वाहने नाहीत, अशा स्थितीत नोव्हेंबर १९१५ मध्ये प्राचीन टेसिफॉनच्या भव्य कमानीजवळ लढाई झाली. डिव्हिजनची तेथे इतकी हानी झाली की तिला माघार घेत कूटपर्यंत परत यावे लागले. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी कूटला वेढा घातला.

हा वेढा १४७ दिवस चालला. त्यात लढाईइतकाच भुकेचा प्रश्न होता, आणि या भुकेची हकीकत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही वाचावी अशी आहे. धान्य संपत आले तेव्हा घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यास सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्माचा व जातीचा विचार करून नाकारले. गावी परतल्यावर पंक्तीला कोण बसवून घेईल, ही चिंता त्यांना होती, आणि त्या काळचा समाज पाहता ती अनाठायी होती असे म्हणता येत नाही. त्यांचा शिधा म्हणजे मुख्यतः जवाचे पीठ. याचा परिणाम असा झाला की, ताज्या अन्नाच्या अभावी हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजू लागल्या, जुन्या जखमा भरून येईनात. उलट, पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांत बेरीबेरी पसरली. जवाच्या कोंड्यात जे जीवनसत्त्व होते त्याने आपल्या लोकांचे बेरीबेरीपासून रक्षण केले, आणि ताज्या मांसात जे होते त्याने गोऱ्यांचे स्कर्व्हीपासून. एकाच वेढ्यात, एकाच भुकेत, दोन निराळे रोग! शिपायांनी काठावरचा पाला व गवत उकडून खाल्ले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा बिनतारी यंत्राने मागविण्यात आली. एप्रिलमध्ये पुष्कळांनी मांस घेण्यास सुरुवात केली, पण तोवर शरीरे खंगून गेली होती. विमानातून धान्याची पोती टाकून वेढ्यातील फौज पोसण्याचा प्रयत्न तेथे झाला. युद्धाच्या इतिहासातील हा अशा प्रकारचा पहिलाच मोठा प्रयत्न मानतात. परंतु त्या काळच्या विमानांना तो भार पेलला नाही. सोडवणुकीसाठी बाहेरून आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक हताहत झाले, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांसह कूट शरण गेले.

या तेरा हजारांत सगळेच लढवय्ये नव्हते. पाणी वाहणारे भिस्ती, स्वयंपाकी, धोबी, खेचरवाले, डोली उचलणारे असे हजारो अनुचर त्यांत होते. ते हाती बंदूक न घेता वेढ्यात राहिले, तेच पीठ खाल्ले, आणि शरणागतीनंतर शिपायांबरोबरच वाळवंटातून चालत कैदेत गेले. वाटेत व पुढे रेल्वेच्या कामावर त्यांच्यातील किती माणसे दगावली याची मोजदाद नीट झाली नाही.

१९२९ मध्ये बसरा येथे मेसोपोटेमियातील मृतांचे मोठे स्मारक उभारले गेले. ज्यांना थडगे लाभले नाही अशा चाळीस हजारांवर लोकांची आठवण त्यावर आहे. गोऱ्या शिपायांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे त्यावर कोरली. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि त्यापुढे मृतांची संख्या एवढेच लिहिले. म्हणजे आपल्या गावच्या शिळेवर जे झाले तेच दूर बसऱ्यातही झाले. १९९७ मध्ये ते स्मारक मूळ जागेवरून हलवून वाळवंटात नेण्यात आले, पण नावांची उणीव त्याच्याबरोबरच गेली.

आता घराकडे वळू. १९१४ साली शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता. त्यातील काही भाग तो घरी लावून देई, आणि मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन हा कोकणातील कित्येक वाड्यांवर मोठाच माणूस ठरला. पत्र आले की ते वाचून दाखविण्यास शाळामास्तरांकडे धाव घ्यावी लागे, कारण पाठविणाऱ्यानेही ते बहुधा दुसऱ्याकडूनच लिहवून घेतलेले असे. कूटच्या वेढ्यात ही पत्रेही थांबली. त्या पाच महिन्यांत सातारा-रत्नागिरीकडच्या किती घरांत रोज पोस्टमनची वाट पाहिली गेली असेल, याची कल्पनाच करावी लागते. तिची नोंद कोठेही नाही.

तरणे पुरुष गेल्यावर शेते पडीक राहिली नाहीत. बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि शाळा सोडलेल्या मुलांनी ती केली. पेरणी, लावणी, मळणी ही कामे बायकांना नवीन नव्हती. नवीन होते ते बैलबारदान्याचा, सारा भरण्याचा व सावकाराशी बोलण्याचा भार एकटीने उचलणे. धान्य, मीठ, कापड व रॉकेल यांचे भाव युद्धाच्या अखेरीस भडकले. अशात १९१८ साली पाऊस फसला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली. जूनमध्ये ती मुंबई बंदरात दिसली, शिपायांची ने-आण करणाऱ्या जहाजांच्या वाटेने आली, आणि पावसाळ्यानंतर तिने खेडी गाठली. पुष्कळ ठिकाणी लोक तिला 'मानमोडी' म्हणत. मुंबई इलाख्यात या साथीने सुमारे दहा लाख माणसे मेली. मेसोपोटेमियातून वाचून आलेला शिपाई घरी परतला तो, घरच माणसांवाचून रिकामे झालेले पाहण्यासाठी, असे त्या वर्षी घडू शकत होते. शिळेवरच्या दुसऱ्या आकड्यात ही माणसे धरलेली नाहीत.

युद्ध परक्या सत्तेचे होते, मग आपल्या लोकांनी त्यात जावे की नाही, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतील. तो त्या काळीही विचारला गेला. लोकमान्य टिळकांनी तरुणांनी सैन्यात जाऊन शस्त्रविद्या शिकावी, असे सांगितले. पण त्याबरोबर स्वराज्याचे हक्क व सैन्यात अधिकाराच्या जागा मिळाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी हा मुद्दा काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडविले, आणि टिळक सभा सोडून निघून गेले. खेड्यातील भरती होणाऱ्याच्या मनात मात्र या राजकारणापेक्षा अकरा रुपये, वडिलांची जुनी पलटण आणि गावातील मान हेच अधिक असावे, असे मला वाटते. त्याला हिणविण्याचे कारण नाही.

सैन्यात जाण्याचा हक्क मिळविण्यासाठी ज्यांना झगडावे लागले त्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. जुन्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील त्याच लष्करात सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सरकारने त्यांची भरती बंद केली. अर्ज गेले, विनंत्या झाल्या. गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली गेली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुन्हा लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावात. ही पलटण पुन्हा मोडली गेली नाही.

बेळगावचे लष्करी महत्त्व १९२२ पासून वाढले होते. त्या वर्षी सैन्याची फेररचना होऊन सहा मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि ११४ वी ही शिक्षण देणारी दहावी पलटण होऊन बेळगावात स्थिरावली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तेव्हापासून तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील तिची कामगिरी प्रसिद्ध असल्याने येथे थोडक्यात सांगतो. १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियातील केरनच्या उभ्या डोंगरांवर तिसरी पलटण लढली. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही रणगर्जना तेथूनच रूढ झाली, अशी रेजिमेंटची परंपरा आहे. इटलीत १० जुलै १९४४ रोजी कुलाबा जिल्ह्यातील माणगाव भागातला बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीतील सर्व साथी पडल्यावर एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला. त्याने ते ठाणे घेतले, आणि तेथेच त्याला गोळी लागली. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव याने खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी साथीदारांना पाठीवरून आणले, आणि परत जाऊन शत्रूची तीन ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे याला तो मरणोत्तर मिळाला. त्याचे थडगे नाही; कॅसिनोच्या स्मारकावर त्याचे नाव आहे.

याच वर्षांत सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार चालू होते, आणि सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेत वरिष्ठ सेनानी होते. म्हणजे एक भाऊ इटलीत बादशाही फौजेत आणि दुसरा भाऊ गावात तुफान सेनेत, असे एका घरात शक्य होते. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन धडे निरनिराळ्या पानांवर असतात. त्या काळच्या घरांत ते एकाच छपराखाली नांदले.

घरच्या ओढाताणीचे स्वरूप या खेपेस बदलले होते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. मुंबई व कोकण या तांदळावर बरेच अवलंबून असल्याने ताटातला भात कमी झाला. १९४३ मध्ये मुंबईत शिधापत्रिका आल्या. धातूच्या टंचाईमुळे सरकारने मधोमध भोक असलेला पैसा काढला. मुले तो दोऱ्यात ओवून गळ्यात घालीत, असे वडीलधारी माणसे सांगत.

आणि या टंचाईच्या दिवसांतच कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडचे निर्वासित येऊन राहिले. रशियाच्या दूरच्या छावण्यांतून सुटून, इराणमार्गे आलेल्या या सुमारे पाच हजार लोकांत बायका व मुले बहुसंख्य होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत पंचगंगेच्या काठी त्यांची वसाहत होती. तिच्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. जवळपासच्या गावकऱ्यांनी त्यांना दूध, भाजी, अंडी विकली, आणि त्या व्यवहारातून काही पोलिश मुले मराठी बोलू लागली. पुढे म्हातारपणी त्यांतली काही माणसे आपले बालपण पाहण्यास कोल्हापूरला परत येत राहिली. युद्धातील कामगिरीच्या यादीत दूध विकणे कोणी लिहीत नाही. मी ते लिहितो.

शेवटी, विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे एक काम सुचवितो. शिळेवर जी नावे नाहीत ती दुसऱ्या एका ठिकाणी आहेत. पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक शिपायास एक रुपेरी पदक मिळाले. रुपयाहून थोडे मोठे, एका बाजूस बादशहाचे मस्तक व दुसऱ्या बाजूस घोड्यावर स्वार. अनुचरांपैकी अनेकांना तेच पदक चांदीऐवजी काशाचे दिले गेले. पुष्कळ पदके दुष्काळात सोनाराकडे गेली असतील, पण काही अजून जुन्या ट्रंकांच्या तळाशी आहेत. आपल्या आजोळी असे एखादे सापडले तर त्याचे तोंड पाहून ठेवून देऊ नका. ते उभे धरून त्याची कड भिंगाखाली पाहा. तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत प्रथम क्रमांक, मग हुद्दा, मग नाव, आणि शेवटी पलटण ठोकलेली असते. स्पेलिंग चमत्कारिक असते, तेव्हा मोठ्याने वाचावे, म्हणजे नाव ओळखू येते. पदक चकचकीत करण्यासाठी चिंच व राखेने घासू नये. घासल्याने सर्वांत आधी झिजतात ती कडेवरचीच अक्षरे.